एकवीस गिअरची हजेरी

"रफिकभाई, यात अकरा गिअर कमी आहेत," हेडसर म्हणाले.

कर्जत तालुक्यातल्या एका शाळेच्या पटांगणात माझ्या बारा सायकली नुकत्याच टेम्पोतून उतरल्या होत्या. वस्त्यांवरून चालत येणाऱ्या मुलींसाठी माजी विद्यार्थी त्या देणार होते. सावेडीतल्या माझ्या दुकानाची ही वर्षातली सगळ्यात मोठी ऑर्डर. बिलावर 'एकवीस गिअर' लिहिलेलं. सरांनी वाकून दातेरी चकत्या मोजल्या. पुढे तीन, मागे सात. झाल्या दहा. सर गणित शिकवतात हे मला नंतर कळलं.

"बेरीज नाही सर, गुणाकार. पुढच्या प्रत्येक चकतीवरून चेन मागच्या सातही चकत्यांवर जाते. सात त्रिक एकवीस."

"मग एकवीसच्या एकवीस दाखवा. सही त्यानंतर."

मी सायकल उलटी ठेवली. सुलोचनाताई नावाच्या एक पालक शेजारी उभ्या होत्या. त्यांची मुलगी आठवीत, रोज सहा किलोमीटर चालायची. त्यांना म्हटलं, "ताई, तुम्ही हाताने हळूहळू पायडल फिरवा, मी गिअर बदलतो."

आता हे नंबर समजून घ्या. डाव्या हाताचा खटका पुढच्या चकत्यांचा, उजव्या हाताचा मागच्या. एक नंबर म्हणजे पायाला सगळ्यात हलका. पण पुढे एक नंबरला सगळ्यात लहान चकती असते आणि मागे एक नंबरला सगळ्यात मोठी. ही उलटी गंगा कोणी वाहवली ते मला विचारू नका.

एक-एक, एक-दोन अशी, पुढचा नंबर आधी आणि मागचा नंतर, हजेरी सुरू झाली. सर प्रत्येक गिअर व्हरांड्याच्या फरशीवर खडूने लिहून घेत होते. एक-सातला ताई म्हणाल्या, "पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचं दोन फेरं." ट्यूबच्या व्हॉल्व्हवर नजर ठेवून त्या मोजत होत्या. मी कौतुक केलं. मूर्ख होतो.

तीन-दोन लावला तेव्हा त्या थांबल्या. "भाऊ, हितं बी दोनच फेरं. मगाशी बी दोनच हुतं. मग नवीन काय दिलं?"

सर लगेच खडू घेऊन दात मोजायला बसले. पुढची लहान चकती अठ्ठावीस, मागची लहान चौदा. पुढची मोठी अठ्ठेचाळीस, मागची दोन नंबरची चोवीस. "दोन्हीकडे दुप्पट. सेम गिअर आहे हा." फरशीवरच्या यादीतून त्यांनी एक पुसला. मग जवळजवळ सारखे निघाले तेही पुसले. त्यात मीच शहाणपणा केला. "सर, एक-सात आणि तीन-एक तसे वापरायचेही नसतात. चेन तिरकी ओढली जाते, घासते, कधी पडते."

"वापरायचे नाहीत, तर मोजले कशाला?"

धंद्यात याला एकच उत्तर आहे, सगळेच मोजतात म्हणून.

ताईंनी पायडल सोडलं. "आमचा रस्ता समदा सपाट हाय. पाटाच्या चारीपाशी तेवढा एक चढ. वाटंत चेन पडली तर पोरीनं शाळंत यायचं का तुमाला सावेडीतनं बोलवायचं? तुमची पोरगी असती तर कंची सायकल दिली असती?"

मला भयंकर राग आला. ताईंचा नाही, माझाच. माझ्या मुलीला मी पुढे एकच चकती आणि मागे सात, अशी साधी सायकल दिली होती. एकवीसवाल्या फक्त विकायला ठेवतो. तसं सांगून टाकलं.

बाराच्या बारा सायकली पुन्हा टेम्पोत चढल्या. आठवड्याने सात गिअरच्या बारा घेऊन गेलो. नफा निम्म्यावर आला. सरांनी सातही मोजून घेतले आणि मग सही केली. दोन दिवसांनी ताईंचा फोन आला. पोरगी चारीचा चढ खाली न उतरता चढली होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण हात दाखवून अवलक्षण एकदाच पुरे. अजूनही मी गिऱ्हाइकाला गिअर समजावून सांगतो. पायडल मात्र स्वतःच फिरवतो.