उसन्या नावाचं मरण

ती घटना आठवली की आजही मला स्वस्थ बसवत नाही. मी तेव्हा बेंगळुरूत हेब्बाळ भागात इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी संपते न संपते तोच विद्युतदाहिनीतल्या कर्मचाऱ्याचा फोन आला. "सार, एका बाईचा देह आलाय. कागदावरचा नवरा हात लावत नाही आणि एक नेपाळी माणूस तिच्या पायाशी पडून रडतोय. स्वल्प, जरा येऊन बघा."

दहन थांबवून दोघांनाही ठाण्यावर आणलं. दाखल्यावर काविळीने मृत्यू असं होतं, पण खोटं कशाला सांगू, मला विषप्रयोगाचाच संशय आला. अशा वेळी दोघांना वेगळं बसवायचं आणि कमी बोलणाऱ्यापासून सुरुवात करायची, हा माझा शिरस्ता. कागदावरचा नवरा रिक्षा चालवायचा. इथल्याच जुन्या मराठी घरातला.

"अण्णा, बायको गेली आणि तुमच्या डोळ्यांत पाण्याचं टिपूस नाही?"

त्याने दवाखान्याचे कागद माझ्यापुढे सरकवले.

"सरी, ठीक आहे, मग चला, विधी उरकू. कापूर तुम्हीच लावा."

तो ताडकन उठला. "बेडा सार, नको! माझी बायको घरात जिवंत आहे. तिच्या नावाने आग कशी देऊ? सह्या मागाल तेवढ्या देतो, पण हे नको!"

मग सगळं बाहेर आलं. रडणारा नेपाळी शेजारच्या इमारतीचा वॉचमन होता आणि मृत बाई त्याची बायको. नेपाळच्या माणसाला इथे यायला व्हिसा लागत नाही, राहायची आणि नोकरीची मुभा आहे. सरकारी योजनेतले मोफत उपचार मात्र त्याच्या वाट्याला नाहीत. म्हणून रिक्षावाल्याच्या बायकोने स्वतःचं योजनेचं कार्ड देऊन तिला आपल्या नावाने दवाखान्यात दाखल केलं. बरी होऊन घरी येईल, एवढाच सगळ्यांचा विचार. ती गेली तर काय, हे कोणाच्या मनातही आलं नाही.

फसवणुकीचा गुन्हा नोंदवावा लागला, मी नोंदवला. जबाब द्यायला आलेल्या रिक्षावाल्याच्या बायकोने, त्या अक्कांनी, मला एकच विचारलं, "मग तिला तशीच मरू द्यायची होती का, सार?" मी कलमं लिहीत राहिलो. सरहद्द खुली ठेवली की शेजारधर्म झाला, असं मीही समजत होतो. येणारा माणूस नुसते कष्टाचे हात घेऊन येत नाही, दुखणीखुपणीही त्याच्याबरोबर येतात, हे मला त्या दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं.

दाखल्यावरचं खोटं नाव डॉक्टरांकडून रद्द करून घेतलं आणि दाहिनीवर जाऊन देह वॉचमनच्या ताब्यात दिला. ताबापावतीवर लिहायला मी त्याला बायकोचं खरं नाव विचारलं.

"साहेब, नर्स ऐकेल म्हणून दवाखान्यात मी तिला एकदाही तिच्या नावाने हाक मारली नाही. ती शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत होती."

मग तो तिच्या कानाशी वाकला आणि तिचं नाव घेत राहिला.