बाबांच्या दोन रिंगा

आमच्या घरी फोन बोलण्यासाठी नव्हताच. बाबा तयार कपड्यांचं गाठोडं घेऊन देगलूरच्या आसपासचे आठवडी बाजार करायचे. पोचले की दोन रिंगा देऊन कट करायचे. म्हणजे — पोचलो. उचलायचा नाही, बॅलन्स जातो. त्या रिंगा आल्याशिवाय आई ताटावर बसायची नाही.

कॉलेजात गेलेली आमच्या घरातली पहिली मी, आणि हे मी छाती पुढे काढून सांगते. भुताखेतांचं बोलणाऱ्यांना मी तोंडावर हसायचे... म्हणूनच हे लिहायला इतका उशीर झाला.

मला लातूरच्या हॉस्टेलवर सोडून बाबा परतीच्या एसटीत बसले. खिडकीतून म्हणाले, "पोचलो की रिंग देतो. उचलून माझा बॅलन्स खाऊ नको, इंजिनीअर बाई!"

मी फोन हातात धरून बसले. रिंग आली नाही. बाबा देगलूरच्या स्टँडवर उतरले आणि तिथंच कोसळले. फोन हातातच होता म्हणे.

त्यानंतर कित्येक वर्षं आई म्हणायची, "पोचले व्हते की गं. मग रिंग दिल्याबगर कसे ऱ्हातील?"

आता आम्ही दोघी नांदेडला भाड्याने राहतो. मी घरूनच काम करते — कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डावर आलेला माल ऑपरेटिंग सिस्टीमला पोचवणारा प्रोग्रॅम, तपासायचा आणि वेगवान करायचा. दोन मशीन, मध्ये केबल, एकीकडून पॅकेटांचा, म्हणजे माहितीच्या छोट्या गाठोड्यांचा, मारा. वेग झकास येत होता. तरी वापरणाऱ्यांची तक्रार होती, की लाईन शांत असली की निरोप मध्येच अडकतो. मला काही सापडेना.

त्या दुपारी बदलायला म्हणून केबल काढली. टोक माझ्या हातात, कार्डाचा दिवा विझलेला, दुसरं मशीन बंद. मोजणी शून्यावर आणलेली. स्क्रीनवर पाहते तर — कार्डाला मिळालेली पॅकेटं: दोन. ड्रायव्हरने पुढे दिलेली: शून्य.

परत शून्य केलं. थोड्या वेळाने... परत दोन. मग काही नाही.

आई शेजारी शेंगा फोडत होती. "काय गं, तोंड का उतरलं?"

"आई, केबल न्हाई अन् दोन आलेत. कार्डापस्तोर आलेत, पुढं पोचले न्हाईत. आतच अडकलेत."

तिचा हात थांबला. "दोनच?"

"दोनच."

"मंजी दिल्या व्हत्या त्यांनी," एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली. मीही.

मग केबल लावून मी मुद्दाम दोनच पॅकेटं पाठवली. तीही अडकली! हे कार्ड बरीच पॅकेटं जमली की मगच ड्रायव्हरला हाक मारायचं. माऱ्यात ती लगेच जमायची, म्हणून वेग मोजताना काही दिसायचं नाही. एकटीदुकटी आलेली मात्र वाट बघत पडायची, कारण जास्तीत जास्त किती थांबायचं ती मर्यादा ड्रायव्हरमध्ये चालूच केलेली नव्हती.

ही चूक कळली. पण केबल नसताना ती दोन कुठून आली? कार्ड बदललं, ऑफिसच्या सीनियरांना विचारलं. कोणी म्हणालं स्टॅटिक विजेचा झटका, कोणी म्हणालं कार्ड खराब. मग दोनच का? त्यानंतर केबलीविना ती मोजणी कधी हलली नाही. मी अजूनही कधीकधी केबल काढून बघते.

दुरुस्ती मी केली. ती ऑपरेटिंग सिस्टीममध्ये घेतली गेली. तिच्या नोंदीखाली माझं पूर्ण नाव आहे, मधे बाबांचं. आता लाईन कितीही शांत असो, त्या कार्डावर एकटं आलेलं पॅकेटसुद्धा पोचतं.