साकु

मैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या दुकानात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर शिवणकाम केलं. दोरा ते दातांनीच तोडायचे, त्यामुळे पुढच्या दाताला खाच पडली होती. त्या दातांवरचा थर खरवडून मी प्रयोगशाळेत जंतू वाढवत होते. तोंडातले हे जंतू भारी धोरणी. साखर मुबलक असली की तिची लांब साखळी गुंफून ठेवतात आणि साखर संपली की ती साखळी तोडणारं एन्झाइम तयार करतात. माझ्याकडे मात्र ते एन्झाइम काही दिसेना. मी पार कंटाळून गेले होते. सरांनी सांगून टाकलं होतं, या खेपेला दिसलं नाही तर माझ्या पीएचडीचा हा विषय बंद.

म्हणून या खेपेला जंतूंना नुसती साखळीच द्यायची होती, सुटी साखर अजिबात नाही. मदतीला माझ्याच वयाचा एक सहकारी होता, नुकताच पुण्याहून आलेला. तो बाटल्यांत साखळीचं द्रावण ओतत होता. मी भांडी धुता धुता मान वळवून पाहिलं, पुरेसं झालं होतं. "साकु, साकु," म्हटलं आणि परत भांड्यांकडे वळले. आम्ही मैसूरची मराठी माणसं घरी मराठीच बोलतो, पण 'पुरे' कोण म्हणतंय? कन्नडातलं 'साकु'च तोंडात बसलंय.

एन्झाइम शून्य. बाटल्या तपासल्या तर आत साखर.

"तुम्हीच म्हणालात ना, साखर, साखर?" त्याचा चेहरा पडला होता.

मला हसू आलं नाही, आणि चिडायचंही त्राण नव्हतं. त्या जंतूंचं तरी काय चुकलं? आयती साखर समोर असताना साखळी तोडत कोण बसतंय! सरांना मात्र खूप हसू आलं. "चूक तुझ्या जंतूंची नाही," ते म्हणाले. "अजून एक महिना देतो. पुन्हा कर."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मी घरी आले आणि दुकानातल्या स्टुलावर नुसती बसून राहिले. अण्णांनी दाताखालचा दोरा तोडला, माझ्याकडे बघितलं.

"साकु का गं?"

मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सरांना तेवढंच सांगितलं, साकु. सर इथलेच, कन्नड. त्यांना ते बरोबर ऐकू आलं.