विमानवाल्या पोट्ट्याचे दाणे

माह्यी जाऊ सुगंधाबाई दाणे पाहते. म्हणजे कोणाचं ढोर जंगलात हरवलं, का तो माणूस त्या ढोराचं दावं घेऊन आमच्या आंगणात येते. बाई सुपात मूठभर तांदूळ टाकते अन् दोन-दोन दाणे बाजूले सारत जाते. शेवटी जोडी उरली तर ढोर जित्तं, एकटा दाणा उरला तर वाघानं नेलं. निम्म्या वेळा खरं निंगते. बाकी निम्म्या वेळा लोक इसरून जातात. मी इसरत नाई, म्हणून बाई माह्यावर चिडते.

मी रुखमा, तिच्या धाकट्या देराची बायको. एक आंगण, दोन चुली. माह्या काई दाण्यावर इश्वास नाई. पण कोणी आलं का हातचं काम टाकून मी तिच्या मागं जाऊन उभी रायते अन् मनातल्या मनात मोजते. खोड हाये, काय करता!

बाईची एक गोष्ट मात्र मले कधी समजली नाई. माहे भासरे, म्हणजे तिचा नवरा लटारूभाऊ, तेलंगणात मिरची तोडाले गेले ते परतलेच नाई. संगं गेलेले सारे आले. तवा माह्या लेक मांडीवर होता, आता त्याले मिशा आल्या. बाई अजून कुंकू लावते, सणाले त्याईचं ताट वाढते. साऱ्या गावाच्या ढोराईचे दाणे पाहते, पण नवऱ्याचे? एकडाव नाई. "काऊन वो बाई?" म्हटलं तर म्हणे, "चूप बस, तुह्यी भाजी करपून राह्यली."

यंदा श्रावणात ते विमान हरवलं. लहानसं, शिकाऊ लोकाईचं. आत एकटाच पोट्टा होता, नागपूरचा, अंकुश नावाचा. आभाळ गच्च भरलं होतं. पोंभुर्ण्याकडं लोकाईनं आवाज आयकला म्हणतात, मंग काईच नाई. हेलिकॉप्टर घिरट्या घालून गेलं. पोलीस आले, फॉरेस्टवाले आले, सारं जंगल पालथं घातलं. अजून नाई सापडलं. पानठेल्यावर तर जो तो ज्योतिषी! सोमाजी म्हणे, छत्री घेऊन उडी मारली असन, बसला असन कुठी झाडावर अडकून. कोणी म्हणे, वैनगंगेत गेला. एक जण तर म्हणे, विमान घेऊन पळाला, इकून बी टाकलं असन. "अबे, ते का सायकल हाये?" मी म्हटलं. पण खरं सांगते, माह्याही डोक्यात रातदिस तेच. अख्खं विमान जाईन तरी कुठी?

धान कापणी चालू होती तवा दारात एक गाडी थांबली. एक बाई एकटीच उतरली. निशाताई, त्या पोट्ट्याची माय. नागपुरात शाळेत मास्तरीण. कोणीतरी आमचं घर सांगतलं होतं तिले. बाजेवर बसली अन् पाणी बी न पेता बोलाले लागली.

"माझे दीर म्हणतात, पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळू, तेरवी करून टाकू. ज्याचं शरीर सापडत नाही त्याचं असंच करतात म्हणे. मी नाही करू दिलं. तुम्ही पाहून सांगा. जिवंत असेल तर मी नोकरी सोडते, तुमच्या गावातच खोली घेते. मीच शोधते त्याला."

बाईनं सूप खाली ठेवलं. "त्याचं काई आणलं का?"

निशाताईनं पिशवीतून सदरा काढला. पांढरा, इस्त्री केलेला. बाईनं तो नाकाशी नेला.

"धुतला?"

"दर रविवारी धुते. आला तर मळका कसा देऊ त्याला?"

दाव्याले ढोराचा वास असते. सदऱ्याले नुसता साबणाचा. मले वाटलं, बाई आता म्हणन का यावर नाई पाहता येत. पण ती निशाताईच्या तोंडाकडं पाहत राह्यली. डोळे खोल गेलेले, केसाले तेल नाई. मंग बाईनं तांदूळ घेतले.

मी मागं उभी. दोन, दोन, दोन. माह्या जीव नुसता टांगणीले लागला होता. शेवटी सुपात दोन दाणे उरले. जोडी! जित्ता हाये, असं माह्या तोंडून निंगणारच होतं. तेवढ्यात बाईचा अंगठा एका दाण्यावरून फिरला. हात वर आला तवा सुपात एकच होता.

"एकटा उरला, माय," बाई म्हणे. "तुह्या लेक नाई राह्यला."

निशाताईनं मंग "अंकुश रे!" करून जो हंबरडा फोडला, का शेजारपाजार धावत आला. बाईनं तिले कुशीत घेतलं अन् रडू देलं. लय वेळानं ती शांत झाली, पाणी पेली. मी वरण-भात वाढला तर सारा जेवली. मंग तिनंच इचारलं, "इथं पळस कुठं मिळेल?"

"तुमी बसा," बाई म्हणे. "मी आणते."

वावराच्या बांधाले, धुऱ्यावर, पळस हाये आमच्या. मी तिच्या मागंच गेली, अन् तिथी पोचताच फुटली.

"लाज नाई वाटत? जोडी होती! मी आपल्या डोळ्यानं पाह्यली!"

"होती."

"मंग काऊन खोटं बोलली?"

"रुखमा, तांदूळच तं होय तो. त्याले का मालूम, कोण जित्ता अन् कोण मेला?" बाई पानं खुडत होती, माह्याकडं पाहत नोहती. "मी जित्ता म्हटलं असतं तं ती इथी खोली घेऊन बसली असती. दर रविवारी सदरा धुतला असता. अन् मंग म्हातारी झाली असती."

"अन् उद्या पोट्टा चालत घरी आला तर?"

"आला तं त्याची माय मले शिव्या देईन. खुशीत देईन. मी खाईन."

बाईनं पदर पसरला अन् पानाईचे दोन ढीग केले. एक ढीग पिशवीत भरला, दुसरा तसाच पदरावर राहू देला.

"इतके कायले? पुतळा तं एकच करा लागते."

बाईनं कपाळाचं कुंकू पुसलं नाई, काई नाई. फक्त पानाईवरची धूळ झटकली.

"हे तुह्या भासऱ्याचे," ती म्हणे.

मी तिच्या बाजूले बसली अन् पानं खुडाले लागली. लहान पान हाताले लागलं का मी ते फेकून देऊन राह्यली होती.

"मोठीच घे बाई," मी म्हटलं. "उंच होते ते."