न करपलेला भात

चाळीस वर्षं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिनं भात शिजवला, पण एकदाही तळाला लागू दिला नाही. घड्याळ तिला कधी लागलं नाही. वास पालटला की हात आपणहून पातेल्याकडं जायचा. सगळं वसतिगृह तिला आत्या म्हणायचं. खरी भाची मात्र एकच, भावाची लेक, सिनेमा काढणारी.

धरणाच्या पाण्यात गेलेल्या त्यांच्या घरावर भाचीनं सिनेमा काढायला घेतला. स्वयंपाकाच्या प्रसंगांसाठी आत्याला बोलावलं. आत्यानं एकच गोष्ट मागितली.

"घर सोडायच्या दिवशी आईनं भात करपवला होता. जन्मात पहिल्यांदा. दाराकडं बघत बसली नि चूल विसरली. आम्ही कुणी ब्र काढला नाही, तसाच गिळला. आई रडली नाही गं. तिचा भात तेवढा रडला. एवढं दाखव."

"दाखवते. चेहरा नटीचा, हात तुझे. भात करपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचं, बस."

दिवे लागले, पातेलं चढलं. पाणी आटलं, वास पालटला, आणि आत्याच्या हातांनी पातेलं उतरवलंसुद्धा.

"आत्या!"

"अगं बाई! पुन्हा घे."

पुन्हा तेच. हाताचं वळण हाताबरोबरच जातं म्हणतात, ते काही खोटं नाही. कॅमेरावाला हसला, "आत्या, आमच्या घरी चला. आमच्या हिला भात करपवणं न शिकवता जमतं!"

"मग मला तिच्या हाताखाली शिकायला ठेव बाबा," आत्या म्हणाली. आणि तिनं पुन्हा पातेलं चढवलं.

तिसऱ्यांदाही पातेलं उतरलं तेव्हा खिडकीतलं ऊन ओसरलं होतं आणि उद्या ती जागा मिळणार नव्हती.

"राहू दे, आत्या," भाची हळूच म्हणाली. "पांढराच घेऊ."

सिनेमा लागला. पडद्यावर आईचं घर रिकामं होत गेलं आणि पोरांच्या ताटांत मोकळा, पांढराशुभ्र भात पडला. लोक अंधारात हुंदके देत होते. शेजारची बाई डोळे टिपत म्हणाली, "काय सुगरण असेल हो ती माउली! घर सुटतानाही हात चुकला नाही."

"चुकला होता," आत्या म्हणाली.

पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.