रात्रपाळीची थाप

चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात त्याची अठरा वर्षं गेली होती. विसाव्या वर्षी मन आजारी पडलं, तेव्हा कॉलेज सुटलं ते सुटलंच. चाळिशीला टेकल्यावर बायकोनेच प्रवेशाचा अर्ज पुढ्यात ठेवला. "गोळ्या चालू आहेत, तब्येत ताळ्यावर आहे. आता कशाची वाट बघताय?"

वर्गात पोरं त्याला काका म्हणायची. त्याचं काही नव्हतं. पण तिसऱ्याच आठवड्यात सकाळच्या गोळीची गुंगी, त्यात अर्थशास्त्राचा तास; काका बाकावर डोकं टेकून चक्क घोरायला लागले. वर्ग खिदळला.

"काय हो, रात्री झोपत नाही का?" बाईंनी विचारलं.

"रात्रपाळी असते," तो बोलून गेला.

एका थापेला दहा टेकू लागतात. बाईंनी हजेरीत सूट दिली. बाकावर शेजारी बसणारी मुलगी, बडबडीमुळे सगळे तिला टिटवी म्हणत, त्याच्यासाठी टिपणं उतरवू लागली. "माझ्या बाबांनी शेवटपर्यंत रात्रपाळीच केली, काका. माणूस आतून पोखरून निघतो हो." ती पानं घेताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी तो घ्यायचा. घरी कपड्यांच्या घडीखाली लपवायचा.

मग एका दुपारी टिटवी आजीचा चष्मा घेऊन नेमकी त्याच दुकानात आली.

"काका, रात्रभर जागून दुपारीही कामावर?"

"कसली रात्र?" मालक हसला. "सातला कुलूप लागतं, आणि सगळ्यात आधी हाच पळतो!"

त्याने मान वर केली नाही. हातातली काच नुसता पुसत राहिला. टिटवी चष्मा ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती लांबच्या बाकावर बसली. तास संपल्यावर तो धीर करून गेला. "मला मनाचा आजार आहे. गोळ्यांनी झोप येते. सांगायची लाज वाटली."

"आजाराचं सांगितलं असतं तरी टिपणं दिली असती," ती म्हणाली. "तुमच्यापाशी मी माझ्या बाबांबद्दल बोलले, काका. आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

तसाच तो बाईंकडे गेला आणि सगळं ओकून मोकळा झाला. बाई रागावल्या नाहीत, तेच त्याला जड गेलं. "गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारलंत?" नव्हतं विचारलं. तिथेही त्याने सगळं झकास चाललंय असंच सांगितलं होतं.

डॉक्टरांनी गोळी संध्याकाळवर नेली. आठ दिवसांत सकाळचे डोळे उघडे राहू लागले. टिटवीची सगळी पानं त्याने स्वतःच्या हाताने उतरवून काढली आणि मूळ पानं तिला परत केली. तिने ती पिशवीत टाकली.

"परीक्षेला बसताय ना?"

"बसतोय."

"बसा," ती म्हणाली, आणि मैत्रिणींच्या मागे जिना उतरून गेली. पुन्हा शेजारी मात्र ती कधी बसली नाही. तो पास झाला, अर्थशास्त्रात काठावर. बायकोने हे सगळीकडे सांगितलं. तो मात्र कुणी अभिनंदन केलं की खाली बघायचा.