रामेश्वर मेस्त्रीने बसवलेली फळी

कुडाळचा रामेश्वर मेस्त्री रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये जुन्या लाकडी वस्तू दुरुस्त करायचा. दुबईतल्या नऊ वर्षांपैकी शेवटची दोन त्याने मॅनेजर विघ्नेशवर डूख धरून काढली.

झालं असं की मालक परदेशी असताना, विकायला ठेवलेलं एक जुनं तिबेटी खोगीर विघ्नेशच्या हातून पडलं. पाठीमागची कमानदार फळी दुभंगली. नेमकी त्याच सकाळी रामेश्वरची आई अत्यवस्थ असल्याची खबर आली होती.

"सर, चार दिवसांची रजा द्या."

"आधी नवी फळी. मालक यायच्या आत. त्यांना कळलं तर दोघंही खलास," विघ्नेश म्हणाला.

खोगिराला एकही खिळा नव्हता. लाकडाचे तुकडे कच्च्या चामड्याच्या पट्ट्यांनी, म्हणजे वाद्यांनी बांधलेले. वादी ओली असताना भोकांतून ओवायची, वाळताना ती आपोआप आवळत जाते. कुठल्याशा डोंगरातल्या त्या सुताराचा हात बघून रामेश्वर थक्क झाला. त्याने अक्रोडाची फळी तशीच घडवली, रंगवली, मेण घासून जुनी केली. शेवटची वादी वाळत होती तेव्हा आई गेली. तिचं तोंड त्याने फोनवर पाहिलं.

मालकाला एकट्याला सांगून भागलं नसतं. विघ्नेशने त्याला सहज गुंडाळलं असतं. म्हणून रामेश्वर खोगिराला गिऱ्हाईक यायची वाट बघत राहिला.

दोन वर्षांनी, मार्चमध्ये, यम्ना नावाच्या अमिराती बाई खोगीर बघायला आल्या. मालक शेजारीच होता.

"ऑल ओरिजिनल, मॅडम," विघ्नेशने सांगितलं.

रामेश्वर पुढे झाला. "झूठ. पीछे का लकडी मैंने बनाया है." लॉकरमध्ये जपलेले जुन्या फळीचे दोन तुकडे त्याने टेबलावर जोडून ठेवले. बाईंनी नव्या फळीची भोकं त्यांच्याशी ताडून पाहिली आणि पर्स उचलून त्या निघाल्या.

"वेडा झालास? तुझीपण नोकरी जाईल!" विघ्नेश ओरडला.

"जाऊ दे. तुझी गेलेली बघायला थांबलो होतो." रामेश्वरने त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

दुपारपर्यंत मालकाने दोघांनाही काढलं. गेटपाशी विघ्नेशने त्याचा हात धरला. "माझी मुलं इथे शाळेत आहेत रे, रामेश्वर."

रामेश्वरने हात सोडवून घेतला. मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पवर जाऊन त्याने बॅग भरली, पोटभर जेवला आणि भर दुपारी गाढ झोपला.